अकरा ते चार

त्या वर्षी पाऊस असा काही कोसळला की उतारावरच्या शेतांचे निम्मे बांध आडवे झाले. दगडी बांध घालणाऱ्याला दोन वर्षं मान वर करायला सवड मिळू नये एवढं काम गावात पडलं होतं, आणि नेमका त्याच वर्षी गावातल्या सगळ्यात चांगल्या बांधवाल्याला एकच पाय उरला होता.

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ चढते आहे की नाही हे बघायला दोरीला वजन बांधून खाली सोडतात, तो ओळंबा. माणूस होताही तसाच, उंच आणि सरळसोट. उजवा पाय गुडघ्याखाली कापला तेव्हापासून तो कुबडीवर एका अंगाला कलायचा, पण नाव काही बदललं नाही. उलट लोक आता ते जरा चवीने घ्यायचे. त्याच्या बायकोला, बांधवालीला, ती चव बरोबर कळायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

पूर्वी तो दगड बसवायचा आणि ती आतली पोकळी दगडाच्या चिपांनी भरायची. आता सगळंच तिच्या अंगावर आलं होतं. पहारीने दगड उखडायचा, पोटाशी धरून आणायचा, चढवायचा, फिरवायचा. ओळंबा पोत्यावर बसून हातोडा-छिन्नीने दगडाची तोंडं घडवायचा आणि तिथूनच सूचना सोडायचा.

"अगं, उलटा धर. पोट आत गेलं पाहिजे त्याचं."

"कळतं मला."

"तुला कळतं गं. दगडाला कुठे कळतंय?"

एरवी ती हसली असती. पण उजवा खांदा सकाळपासून ठणकत होता आणि दगड हातातून सुटायच्या बेतात होता. तिने तो कसाबसा टेकवला आणि बोटं झटकली. करंगळीचं नख काळं पडलं होतं.

तेवढ्यात बांधाच्या पलीकडून आवाज आला. "आज मी पुन्हा माझ्या पायावर उभा आहे." शेताचा मालक झाडाखाली बसून फोनवर बघत होता. आवाज ओळंब्याचाच होता. मागे वाद्यांचा करुण सूर लावला होता. "पाच तास हाडवैद्याच्या दारात वाया गेले. पण डॉक्टरांनी मला नवं आयुष्य दिलं."

ओळंब्याने हातोडा खाली ठेवला आणि पोत्यावरची माती झटकत बसला. मालक हौसेने ओरडला, "अरे, तू तर मोठा नट झालास की! माझ्या मेव्हण्याकडेही आलंय हे. पण कुठे आहे रे तो नवा पाय? घरी जपून ठेवलायस काय?"

बांधवालीने पुढचा दगड उचलला आणि असा आपटला की त्याची कड उडाली. अख्खा दगड वाया गेला.

पाय गेला त्या दिवशीचं तिला सगळं आठवत होतं, क्रमाने. सकाळी साडेनऊला वरच्या रांगेतला दगड घसरला आणि त्याच्या घोट्यावर बसला. तिने आरडाओरडा करून दोन माणसं जमवली आणि त्याला शेजारच्या आबांकडे नेलं. आबा म्हणजे म्हातारा हाडवैद्य. आसपासच्या दहा गावांत तो एकटाच. त्याने पाऊल हातात घेतलं, घोट्याशी दोन बोटं लावून बराच वेळ डोळे मिटून बसला आणि मग पाऊल अलगद खाली ठेवलं.

"नाडी लागत नाही इथे. पाऊल गार पडतंय. मी हात लावणार नाही," तो म्हणाला. "हाड मी बसवतो, रक्त नाही चालू करता येत मला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात." आणि त्या सत्तरीच्या माणसाने स्वतः रस्त्यापर्यंत पळत जाऊन दुधाचा टेम्पो अडवला. आबांच्या दारात त्यांचा गेलेला वेळ म्हणजे एक चहा निवेल एवढा.

अकराला ते मोठ्या रस्त्यावरच्या नव्या दवाखान्यात होते. चकचकीत फरशी, काचेची खिडकी, खिडकीत एक माणूस. त्याने कागद भरून घेतला आणि बाकावर बसायला सांगितलं. डॉक्टर येतायत म्हणाला. मग राउंडला आहेत म्हणाला. मग जेवायला गेलेत, आता येतीलच. ती खिडकीशी जायची आणि परत यायची. पाऊल आधी पांढरं पडलं, मग निळसर. ती पाचव्यांदा गेली तेव्हा तो माणूस वैतागून म्हणाला, "बाई, जगात तुमच्या एकट्याच्याच नवऱ्याला पाय आहे का?" बाकावरची चार माणसं हसली. ती परत येऊन बसली.

दोन वाजता ओळंबा म्हणाला, "आता दुखत नाही गं." आणि तिला बरं वाटलं. दुखणं थांबलं म्हणून तिने सुटकेचा श्वास टाकला, त्याला पाणी पाजलं. ह्या एका गोष्टीसाठी तिने अजून स्वतःला माफ केलं नव्हतं.

चारला मोठे डॉक्टर आले. पाऊल दाबून बघताच त्यांचा चेहरा उतरला. "इतका उशीर? इतका वेळ होतात कुठे तुम्ही?" ते कडाडले. तिला वाटलं, खिडकीतल्या माणसाला झापतायत. ते आपल्यालाच झापतायत हे तिच्या डोक्यात शिरेपर्यंत स्ट्रेचरचा गाडा आत गेला होता. नंतर मिळालेल्या कागदावर आल्याची वेळ लिहिली होती, चार वाजून दहा मिनिटं.

तीन महिन्यांनी गोष्टवाली आली. गावानेच तिला हे नाव ठेवलं. दवाखान्याने तिला पेशंटच्या गोष्टी लिहायला ठेवलं होतं. पोरगी गोड होती, पायरीवर मांडी घालून बसली, कौतुकाने बांध बघितले. "लोक अजून आमच्याकडे यायला कचरतात, ताई," ती म्हणाली. "इमारतीवर कुणी विश्वास ठेवत नाही. आपल्यातल्याच माणसाच्या गोष्टीवर ठेवतात." बांधवालीला ते पटलं. ह्याचाच तिला पुढे जास्त राग आला, की ते पटण्यासारखं होतं.

गोष्टीचा साचा तिच्या वहीत तयार होता. आधी दुखापत, मग चूक, मग डॉक्टर, मग आनंद. दुखापत होती, डॉक्टर होते. चूक तेवढी सापडत नव्हती. "कागदावर चार दहा आहे, अपघात साडेनऊचा. मधला वेळ कुठे गेला? हाडवैद्याकडे गेला होतात ना?"

"गेलो होतो," ओळंबा म्हणाला. "पण आबांनी..."

"उजेड चाललाय," गोष्टवालीबरोबरचा कॅमेरेवाला म्हणाला.

झालं. 'गेलो होतो' एवढ्यावर तिने पाच तास आबांच्या दारात नेऊन बसवले. ओळंब्याला नवा सदरा घातला. गाडीतून एक पाय काढला, गुडघ्याखाली पट्ट्यांनी बांधायचा. त्याच्या वाटीत गुडघा सैल बसत होता म्हणून बांधवालीच्या डोक्याचं निळं फडकं आत कोंबलं. ओळंबा उभा राहिला. दहा पावलं चालला. आणि रडला. ते रडणं खरं होतं, तेही त्यांनी घेतलं. मग पाय सोडवून गाडीत ठेवला. "माप नीट करून आठ दिवसांत आणून देतो, दादा." फडकंही वाटीतच गेलं.

त्यालाही दोन महिने होऊन गेले होते. गोष्ट मात्र घरोघर पोचली. गोष्टीत आबांचं नाव नव्हतं, पण दहा गावांत हाडवैद्य एकच म्हटल्यावर नाव घ्यायची गरज काय? लोक म्हाताऱ्याला थट्टेने विचारायचे, "आबा, पाच तास मोकळे आहात का?" मग थट्टा करायलाही कुणी फिरकेनासं झालं. हाड बांधायच्या कामट्यांचा भारा त्याने परसातल्या वेलींना आधार म्हणून लावून टाकला. बांधवाली रोज सकाळी ते बघायची. एकदा ती कुंपणाशी जाऊन म्हणाली, "आबा, आम्ही असं सांगितलं नव्हतं हो." म्हातारा वेल बांधत राहिला. "आवाज तर त्याचाच आहे," एवढंच म्हणाला.

आणि आता गोष्टवाली पुन्हा दारात उभी होती. ह्या वेळी ती घाईत होती. शनिवारी गावच्या शाळेत दवाखान्याचं शिबिर होतं. मोठे डॉक्टर येणार होते, ओळंब्याने तीच गोष्ट सगळ्यांसमोर सांगायची आणि डॉक्टर स्वतःच्या हाताने त्याला पाय बांधणार होते.

"तोच पाय?" बांधवालीने विचारलं.

"त्यांचाच पाय, ताई."

"आणि गोष्ट?"

"तीच. लोकांना पाठ झालीय. बदलली तर गोंधळ होईल."

"आम्ही अकराला आलो होतो तुमच्याकडे."

गोष्टवालीने वही मिटली. तिचा आवाज मऊच होता. "कागदावर तसं नाहीये ताई. आणि आता ते काढून कुणाचा फायदा? दादांनी उभं राहावं असं तुम्हाला वाटत नाही का?"

ती गेल्यावर बांधवाली नवऱ्यावर उसळली. "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!"

"काय बोलू?"

"आबा रस्त्यापर्यंत पळाले होते. विसरलात?"

"नाही विसरलो." त्याने कुबडी भिंतीला टेकवली. "बागवाल्याचा निरोप आलाय. टेकडीखालचा सगळा बांध त्याला नव्याने घालायचाय. वर्षभराचं काम. पण दीड माणसाला देणार नाही म्हणाला. दीड माणूस, कळलं का? मी अर्धा. दोन वाक्यं बोलायची आहेत मला, जीभ काही झिजणार नाही. तुझा खांदा झिजतोय, तो मला दिसतो."

खांद्याचं नाव काढलं की तिला बोलता यायचं नाही, हे त्याला माहीत होतं. ती आत जाऊन भांडी आदळायला लागली.

दुसऱ्या दिवशी बागवाला काम ठरवायला आला. ह्या दोघांची रीत अशी, की नवा मालक आला की त्याला आधी आपला पडलेला बांध दाखवायचा. उभे बांध कुठेही दिसतात. पडलेला बघितला की माणसाला कळतं आपण कुणाच्या हाती काम देतोय. ओळंब्याच्या बापापासून ही रीत चालत आलेली. सहा वर्षांपूर्वी ओढ्याकाठी त्यांचा एक बांध बसला होता, तिकडे तिघं गेले.

ओळंबा कुबडी टेकत खाली उतरला आणि ढिगाऱ्यापाशी उभा राहून बोलायला लागला. बोलताना त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. "हा माझ्या हाताने पडला. इथे खाली पाझर आहे. बायको म्हणाली होती, पाणी जायला भोकं ठेवा. मी म्हटलं, घाई आहे. पहिल्याच पावसाळ्यात पोट सुटलं आणि बसला. तेव्हापासून दर चार हातांवर भोक ठेवतो. तुमच्याकडेही ठेवणार, तुम्ही नको म्हणालात तरी."

बागवाल्याने ढिगाऱ्याभोवती एक चक्कर मारली. "बोलतोस तर खरं," तो म्हणाला. "शनिवारी पाय मिळतोय म्हणे. तो लावून ये सोमवारी, काम तुझं."

बांधवाली नवऱ्याकडे बघत होती. दगडाबद्दल ज्या तोंडातून एक खोटा शब्द निघत नव्हता, त्याच तोंडाने हा माणूस परवा आबांना बुडवणार होता. आणि आपण ते ऐकणार होतो, कारण आपल्यालाही तो पाय हवा होता. तिला त्याचा राग आला, गोष्टवालीचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

शनिवारी दुपारी शाळेचं पटांगण भरलं. कापडी मांडव, समोर टेबल, टेबलामागे मोठे डॉक्टर आणि त्यांचा कंपाउंडर. एका बाजूला तपासणीची रांग, प्रत्येकाच्या हातात नाव लिहिलेला कागद. रांगेच्या सुरुवातीला एक सासू आपल्या पोटुशी सुनेला घेऊन उभी होती. मागच्या कडेला, खांबाला टेकून, आबा बसले होते. कुणी बोलावलं होतं देव जाणे. बहुतेक स्वतःच आले होते, ऐकायला.

गोष्टवालीने ओळंब्याच्या हातात माइक दिला. तो बोलला. दगड कसा पडला ते सांगितलं. मग थांबला. त्याची नजर खांबाकडे गेली आणि तिथून पळाली. गोष्टवालीने ओठांनी पुढचं वाक्य दाखवलं.

"पाच तास," ओळंबा म्हणाला, "पाच तास हाडवैद्याच्या दारात वाया गेले."

लोकांनी माना वळवून मागे बघितलं. काही हसले. आबांनी मांडीवरचे हात उचलून छातीशी घडी घातली. बांधवालीला वाटलं, आपण जमिनीत गेलो तर बरं.

मग टाळ्या. डॉक्टरांनी गुडघे टेकून पाय बांधला, कॅमेरेवाल्याने तीन बाजूंनी घेतलं, ओळंबा उभा राहिला आणि मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. बागवाल्याने पुढे येऊन पाठ थोपटली. बांधवालीला जगातलं वाकडं दुरून दिसायचं, तिला दिसलं की तो उजवीकडे झुकतोय. पाय बोटभर आखूड होता. आणि वाटीच्या कडेने निळं काहीतरी डोकावत होतं. तिचं फडकं. दोन महिन्यांत कुणी ते काढलंही नव्हतं.

माप नीट करायला नेलेला पाय!

ओळंबा मांडवामागे बाकावर येऊन बसला. घामाने भिजला होता, पण तोंडावर हसू होतं. "बघितलंस? सोमवारी..." तो म्हणत होता, तोच कंपाउंडर आला, खाली बसला आणि पट्ट्या सोडायला लागला.

"काय करताय?" बांधवालीने विचारलं.

"पाय घेतोय. साडेचारला पुढच्या गावात शिबिर आहे."

"तो ह्यांचा आहे."

कंपाउंडरने दमलेल्या नजरेने तिच्याकडे बघितलं. तो बिचारा खोटं बोलायच्या पगारावर नव्हता. "नमुन्याचा आहे हा, ताई. सगळीकडे हाच फिरवतो आम्ही. ह्यांचं माप कुणी घेतलंय का कधी?" त्याने शेवटची पट्टी सोडली. ओळंबा गुडघ्याकडे बघत राहिला. तोंडावरचं हसू तसंच राहून गेलं होतं, ते काढायचंही त्याला सुचलं नाही.

बांधवालीने कंपाउंडरच्या हातातून पाय हिसकावला आणि ती मांडवात शिरली. गोष्टवाली माइकवरून पुढच्या रांगेची नावं वाचत होती. बांधवालीने पाय टेबलावर आपटला. डॉक्टरांचा पेला कलंडला आणि कागदांवर पाणी पसरलं. माइक तिने घेतला नाही. दोन शेतांच्या पलीकडून नवऱ्याला हाका मारण्यात जन्म गेलेल्या बाईला माइक कशाला लागतो?

"हा पाय त्यांचा नाही!" ती ओरडली. "नमुन्याचा आहे. साडेचारला दुसऱ्या गावात दुसऱ्याला बांधणार आहेत. आणि पाच तास आबांच्या दारात गेले नाहीत. आबांनी हातही लावला नाही, टेम्पो अडवून दिला. अकराला आम्ही दवाखान्यात होतो. अकरा ते चार ह्यांच्या बाकावर बसलो होतो. तिथे पाय काळा पडला, ह्यांच्या फरशीवर!"

"ताई, इथे नको, आपण आत बसून बोलू," गोष्टवाली तिचा दंड धरत म्हणाली.

"हात काढ. आत बसून फार झालं."

"कागदावर चार दहा आहे," डॉक्टर म्हणाले. चिडून नाही, गोंधळून. "मी स्वतः बघितलंय."

"अकराला मी सोडलंय त्यांना," गर्दीतून दुधाचा टेम्पोवाला म्हणाला. आतापर्यंत तो गप्प होता, कारण त्याचं दूध दवाखान्यातच जायचं. "रोज अकराला दूध टाकतो तिथे. ह्या वहिनींनी हातापाया पडून मला थांबवून ठेवलं होतं, डॉक्टर नसले तर पुढे शहरात न्या म्हणून. खिडकीतला म्हणाला, येतायत. म्हणून गेलो मी."

मांडवात कुजबुज उठली आणि विरली. मग रांगेतली ती सासू पुढे झाली. हातातला कागद तिने डॉक्टरांसमोर ओल्या टेबलावर ठेवला.

"माझ्या सुनेला नववा लागलाय," ती म्हणाली. "दुपारी बाराला कळा आल्या, तर तुमच्याकडे कोण असेल?"

"आमची सेवा चोवीस तास..." गोष्टवालीने सुरुवात केली.

"तुला नाही विचारलं, पोरी. डॉक्टर, कोण असेल? त्याचं नाव सांगा."

डॉक्टरांनी गोष्टवालीकडे बघितलं. तिने वहीत बघितलं. वहीत ते नव्हतं. ओळंबा कुबडीवर मांडवाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता, रिकामी विजार खाली लोंबत होती.

डॉक्टरांनी चष्मा काढला. तोंड पुसलं. "कोणी नसतं," ते म्हणाले. "अकरा ते चार जागा रिकामी आहे. वर्ष झालं. मी सकाळी शहरात असतो. माणूस मिळत नाही."

टेबलामागून दिवसभरात आलेला तो पहिला खरा शब्द होता आणि तो ऐकून बांधवालीच्या अंगातलं सगळं रक्त डोक्यात चढलं. तिला वाटलं होतं, डॉक्टर होता आणि आला नाही. आता कळलं, नव्हताच.

"एवढंच सांगायचं होतं ना!" ती म्हणाली. "डॉक्टर नाही, चारला येतील, एवढंच त्या खिडकीतून सांगितलं असतं तर टेम्पो दारात उभा होता. आम्ही तसेच शहरात गेलो असतो. बाराच्या आत. पाय असता त्यांचा. तुम्ही गोष्ट कसली सांगता? तुमच्या त्या 'येतायत'ने पाय खाल्ला!"

सासूने आपला कागद उचलला, पुसला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. "ह्याच्या मागे लिहून द्या," ती म्हणाली. "कुठल्या वेळेला कोण असतं आणि कुठल्या वेळेला कोणी नसतं. मग बघते यायचं का." तिच्या मागच्याने आपलाही कागद पुढे केला. डॉक्टरांनी पेन उघडलं. गोष्टवाली कॅमेरेवाल्याला हाताने बंद कर, बंद कर म्हणत होती.

पाय गाडीत गेला. बांधवालीने तेवढं आपलं फडकं वाटीतून ओढून काढलं. बागवाला मांडवातून केव्हा निघून गेला ते कुणी बघितलं नाही.

घराकडे येताना ओळंबा वाटेत तीनदा थांबला. ती दर वेळी थांबली. तिला त्याची दया येत होती आणि त्याच्यावर हात उगारावासाही वाटत होता. आपलं दार आलं तरी तो वळला नाही. कुंपणाला धरून पुढे गेला, आबांच्या अंगणात. ती मागोमाग गेली.

म्हातारा घरी पोचला होता. ओट्यावर बसून वाळलेल्या शेंगा सोलत होता.

"आबा," ओळंबा म्हणाला. "मी बोललो ते खोटं होतं."

"ते तुझ्या बायकोने सांगितलं. सगळ्या गावासमोर." शेंग फुटली, दाणे ताटात पडले. "तू काय सांगायला आलास?"

ओळंब्याने राहिलेल्या पायावरचा भार कुबडीवर घेतला. "पायासाठी बोललो," तो म्हणाला. "मला माहीत होतं तुम्ही समोर बसलायत. तरी बोललो."

म्हाताऱ्याने पहिल्यांदा वर बघितलं. चेहऱ्याकडे नाही, त्या रिकाम्या विजारीकडे. बराच वेळ बघत होता, हाड बघावं तसा. मग त्याने बाजूचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"पाय नाही म्हणून बस म्हणतो," आबा म्हणाले. "दोन असते तर उभाच ठेवला असता."

ओळंब्याने स्टुलाकडे बघितलं. मग कुबडी काखेत नीट धरली.

"उभाच राहतो, आबा."

"मग राहा," म्हातारा म्हणाला, आणि पुढची शेंग सोलायला लागला.